सुदाम्याचा उपरोध इंग्रजीत नेताना

नागपूरच्या सीताबर्डीतल्या विदर्भ साहित्य संघाने १९२३ पासून विदर्भाचे वाङ्मय जपले. त्या वाङ्मयातला एक मोठा ठेवा इंग्रजीत कसा न्यावा, याचा विचार आता व्हायला हवा. १८७१ मध्ये नागपुरात जन्मलेल्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी १९०२ मध्ये ‘साक्षीदार’ हा विनोदी लेख लिहिला आणि पुढे ‘सुदाम्याचे पोहे’ हा विनोदी लेखसंग्रह साकारला. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या हे त्रिकूट रूढींची थट्टा करते, पण ती रूढींच्या बाजूने बोलत. श्रावणी असो की शिमगा, समर्थन इतके गंभीर आणि शास्त्रशुद्ध असते की रूढीचा पोकळपणा आपोआप उघडा पडतो. हा उपरोध एखाद्या शब्दात नाही, बोलणाऱ्याच्या भाबड्या खात्रीत आहे. म्हणून अनुवादकाने आधी तो बोलणारा माणूस उभा करावा. त्याची खात्री डळमळली, की उरते ती नुसती टीका.

श्रावणी म्हणजे काय हेच ठाऊक नसलेल्या वाचकाला यातले काय कळणार, असा आक्षेप येईल. ताश्कंदचे उझबेक लेखक अब्दुल्ला कादिरी यांचे उदाहरण इथे उपयोगी आहे. १९२० च्या दशकात त्यांनी कलवक मख्झूम नावाच्या जुन्या वळणाच्या मुल्लाला स्वतःच्या तोंडाने बोलायला लावले. मदरशातली अरबी-फारसी डौलाची भाषाच त्याचे अज्ञान उघडे पाडते. मदरसा न पाहिलेल्यालाही पोकळ पांडित्य ओळखू येते, कारण ते कुठल्याच समाजाला नवे नाही. सोव्हिएत सत्ताधाऱ्यांनाही उपरोधाची धार कळत होती: १९२६ मध्ये ‘मुश्तुम’ या नियतकालिकातल्या उपरोधिक लेखनासाठी कादिरींना अटक झाली, १९३८ मध्ये त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. सुदाम्याच्या संस्कृतप्रचुर वाक्यांनाही इंग्रजीत असाच जोडीदार शोधता येईल. धर्मोपदेशकाची आणि न्यायालयाची भारदस्त भाषा इंग्रजीकडे आहेच, आणि कोल्हटकर स्वतः वकील होते.

एवढी मोकळीक घेतली तर मूळ हरवेल, ही शंका मात्र रास्त आहे. हरिभाऊ आपट्यांनी मोलिएरचे प्रहसन ‘मारून मुटकून वैद्यबुवा’ म्हणून मराठीत आणले, तेव्हा फ्रेंच माणसे मराठी झाली आणि ते चालले, कारण लबाड वैद्य कुठेही सापडतो. कोल्हटकरांचे तसे करता येणार नाही. त्यांचा वार ठरावीक रूढींवर आहे, म्हणून नावे, विधी, पदार्थ जसेच्या तसे राहिले पाहिजेत आणि मोकळीक फक्त वाक्याच्या सुरात घ्यावी. तळटीपांनी माहिती मिळते, हसू येत नाही. सीताबर्डीत बसून हे काम करू शकतील अशा दोन्ही भाषा जाणणाऱ्यांनी ‘श्रावणी’पासून सुरुवात करावी.