फीसाठी प्रवेश सोडू नका : शिष्यवृत्ती, फ्रीशिप आणि स्वाधारची माहिती

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे एकच प्रश्न येतो. नंबर लागला आहे, पण कॉलेज सगळी फी आधी भरा म्हणते, काय करायचे? कित्येक घरांत या प्रश्नावर दागिने गहाण पडतात, सावकाराकडून पैसे येतात, नाही तर मुलगी घरी बसते. यातली बरीच घरे ज्या योजनेला पात्र असतात, तिची माहितीच त्यांच्यापर्यंत पोहोचलेली नसते. म्हणून ही माहिती एका ठिकाणी देत आहोत.

हा हक्क कुठून आला?

बाबासाहेबांनी १९२७ मध्येच मुंबई कायदेमंडळात शिक्षणावरच्या तुटपुंज्या खर्चाबद्दल सरकारला जाब विचारला होता. खालच्या वर्गांसाठी शिक्षण होईल तितके स्वस्त असले पाहिजे, ही त्यांची मागणी होती. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री असताना त्यांनी १९४२ साली अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले, आणि १९४४ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज आपण जिला 'भारत सरकार शिष्यवृत्ती' म्हणतो ती हीच.

१९५६ च्या धर्मांतरानंतर बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या सवलती मिळेनाशा झाल्या. महाराष्ट्राने १९६० नंतर नवबौद्धांना राज्याच्या सवलती दिल्या, पण केंद्राच्या पातळीवर हा हक्क मिळायला १९९० ची कायदेशीर सुधारणा यावी लागली. तीस-चौतीस वर्षांची ही लढाई विसरून चालणार नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. ही शिष्यवृत्ती केवळ धर्म बौद्ध आहे म्हणून मिळत नाही. मूळ जात अनुसूचित जातीच्या यादीत असावी लागते. बौद्ध हा अल्पसंख्याक समाजही आहे आणि त्याच्या वेगळ्या योजना आहेत, पण एकाच शिक्षणासाठी दोन्हीकडून शिष्यवृत्ती घेता येत नाही.

कोणाला काय मिळते?

भारत सरकार शिष्यवृत्ती : पालकांचे वार्षिक उत्पन्न २.५ लाख रुपयांपर्यंत असल्यास. अकरावीपासून पदव्युत्तर शिक्षणापर्यंत. परत न मिळणारी सक्तीची फी आणि त्याशिवाय वार्षिक शैक्षणिक भत्ता मिळतो. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार हा भत्ता अभ्यासक्रमाच्या गटाप्रमाणे वसतिगृहात राहणाऱ्यांना ४,००० ते १३,५०० रुपये आणि घरून येणाऱ्यांना २,५०० ते ७,००० रुपये आहे.

फ्रीशिप : उत्पन्न २.५ लाखांच्या वर असल्यास. राज्य सरकार शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क देते, भत्ता नसतो. "आमचे उत्पन्न जास्त, आम्हाला काही मिळणार नाही" असे समजून बरेच जण अर्जच करत नाहीत. ते चूक आहे.

स्वाधार योजना : शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी. २०१६-१७ मध्ये सुरू झाली तेव्हा भोजन, निवास व निर्वाह मिळून मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६०,०००, इतर महानगरपालिका क्षेत्रांत ५१,००० आणि बाकी ठिकाणी ४३,००० रुपये ठरले. वसतिगृहाची यादी लागली, नाव आले नाही, की लगेच स्वाधारकडे वळा.

शाळेसाठी : शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के जागांवर खाजगी शाळेत आठवीपर्यंत फी लागत नाही. अनुसूचित जातीच्या बालकांना यासाठी उत्पन्नाची अट नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने नियम बदलून, जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असलेल्या खाजगी शाळांना यातून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल जुलै २०२४ मध्ये रद्द केला.

पैसे अडकतात कुठे?

पूर्वी केंद्राचा वाटा राज्यांना नीट मिळत नव्हता. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने ६०:४० असे प्रमाण ठरवले आणि आपला वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात द्यायला सुरुवात केली. त्यामुळे एक नवी अडचण आली. पैसे उशिरा येतात आणि कॉलेज तोवर विद्यार्थ्याच्या मागे लागते. आणि पैसे आले की घरची नड आधी भागवली जाते. खात्यात आलेला फीचा वाटा कॉलेजला भरायचाच असतो, हे घरच्यांनाही सांगून ठेवा.

पात्र विद्यार्थ्याला आधी फी न घेता प्रवेश द्यावा, यासाठी केंद्राच्या नियमांत फ्रीशिप कार्डाची तरतूद आहे. कॉलेज अडवत असेल तर तोंडी भांडू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि त्याची प्रत जिल्ह्याच्या समाज कल्याण सहायक आयुक्तांकडे द्या. थकलेल्या फीसाठी मूळ कागदपत्रे अडकवून ठेवणेही विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमात बसत नाही.

अर्ज बाद होण्याची नेहमीची कारणे

– व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश. अशा जागेला शिष्यवृत्ती नाही. एजंट काहीही सांगो, कॅप फेरीतूनच प्रवेश घ्या.
– अभ्यासक्रम महाडीबीटी पोर्टलवर नसणे. प्रवेशाआधी तपासा.
– जात वैधता प्रमाणपत्र नसणे. त्याचा अर्ज अकरावीतच करा.
– बँक खाते आधारशी जोडलेले नसणे.
– पुढच्या वर्षी नूतनीकरण न करणे. अर्ज दरवर्षी करावा लागतो.
– अर्ज कॉलेजच्या लॉगिनमध्येच पडून राहणे. भरून झाल्यावर दर आठवड्याला स्थिती पाहा.

आता आपण काय करायचे?

२०२४ मध्ये उत्तर प्रदेशातील एका मजुराच्या मुलाला धनबादच्या आयआयटीत जागा मिळाली होती. १७,५०० रुपये वेळेत भरता आले नाहीत म्हणून ती गेली. सर्वोच्च न्यायालयाने कलम १४२ वापरून त्याला प्रवेश द्यायला लावला. पण प्रत्येक मूल दिल्लीपर्यंत जाऊ शकत नाही. ही रक्कम एखाद्या वस्तीच्या जयंतीच्या डीजेच्या भाड्याहून फार मोठी नाही.

म्हणून कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. जून ते सप्टेंबर विहारात रविवारी दोन तास अर्ज भरण्याचे केंद्र चालवा. वस्तीतल्या दहावी-बारावीच्या मुलांची यादी करा. जयंतीच्या वर्गणीतला ठरलेला हिस्सा प्रवेश निधी म्हणून बाजूला ठेवा. शिष्यवृत्ती आली की विद्यार्थी तो परत करील आणि पुढच्याच्या उपयोगी पडेल. बाबासाहेब १९१३ मध्ये अमेरिकेला गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. आपल्या वस्तीतले कोणी पैशावाचून मागे राहिले, तर ती जबाबदारी सरकारची आहेच, पण आपलीही आहे.