कापड भिवंडीला, इस्पितळ परळला

गुदाशयाचा कर्करोग शरीरात कुठे कुठे जातो, हे वैद्यक शिकले ते मेलेल्या माणसांकडून. लंडनचे शल्यविशारद अर्नेस्ट माइल्स यांनी खालून, गुदद्वाराच्या वाटेने केलेल्या ५७ शस्त्रक्रियांपैकी ५४ रुग्णांत रोग उलटला होता. तो मागे कुठे राहून गेला हे त्यांनी शवविच्छेदनात शोधले आणि १९०८ मध्ये पोट व गुदद्वार अशा दोन्ही बाजूंनी गुदाशय काढण्याची पद्धत मांडली. पसरण्याचा नियमही हळूहळू पक्का झाला. गुदाशयाच्या वरच्या भागातले रक्त यकृताकडे जाते, म्हणून रोग यकृतात. खालच्या भागातले बरेचसे रक्त यकृताला वळसा घालून हृदयाकडे आणि तिथून फुप्फुसांत जाते, म्हणून खालची गाठ कधी कधी यकृत मोकळे सोडून फुप्फुसात दिसते. मेंदू, थायरॉईड, जबडा, स्नायू, बेंबीजवळची कातडी हे सगळे अपवादांच्या खात्यात. १९४० मध्ये अमेरिकेतल्या ऑस्कर बॅट्सन यांनी मणक्याभोवतीच्या, झडपा नसलेल्या शिरांचे जाळे दाखवले. खोकताना, कुंथताना पोटातला दाब वाढला की त्या शिरांत रक्त उलटेही वाहते, आणि रोग मणक्यात किंवा डोक्यात कसा पोचतो याचे एक उत्तर तिथे मिळाले. म्हणजे भलत्या जागी सापडलेल्या रोगालाही वाट असतेच, आणि बहुतेक वेळा त्याला हातात भरपूर वेळही मिळालेला असतो.

हा वेळ कोण देतो, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे. माझे म्हणणे असे की भिवंडीसारख्या यंत्रमागाच्या गावात त्याचे उत्तर शरीरशास्त्रापेक्षा कापडाच्या इतिहासात अधिक सापडते.

१८५७ च्या उठावानंतर आजच्या उत्तर प्रदेशातून मोमीन विणकर दक्षिणेकडे सरकले, त्यातले काही भिवंडीत आले आणि हातमाग चालू लागले. १९३० च्या दशकात यंत्रमाग आले. तेव्हाही कापडाची खरी राजधानी परळ-लालबागच होती, आणि त्या गिरणगावाच्या अंगणातच १९२६ मध्ये केईएम उभे राहिले, २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल सुरू झाले. गिरणीकामगाराला हजेरीपट होता, पुढे राज्य विमा योजनेचे कार्ड आले, युनियन होती. १८ जानेवारी १९८२ रोजी कामगारनेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांत संप पुकारला गेला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. विणकामाचा ओघ यंत्रमागांकडे आधीच वळला होता; संपाने त्याला धक्का दिला. कापड भिवंडीला गेले. कार्ड, हजेरीपट आणि इस्पितळ मात्र परळलाच राहिले. १९४८ च्या कारखाना कायद्यात विजेवर चालणाऱ्या कारखान्याला दहा कामगारांची अट होती. भिवंडीत एकाच छपराखालचे माग भावाच्या, बायकोच्या, मेव्हण्याच्या नावावर वाटून ती चुकवली गेली. कागदावर कारखानाच नाही, मग कामगार तरी कुठून असणार? बारा तासांची पाळी, मीटरवर मजुरी, धोटा थांबला की कमाई थांबली. कांडी भरणाऱ्यापासून वहिफणीवाल्यापर्यंत कुणालाही पगारी रजा ठाऊक नाही.

अशा माणसाला शौचाला रक्त दिसले की तो मूळव्याध म्हणतो, आणि त्यात त्याची फारशी चूक नाही, कारण बहुतेकदा ती असतेच. बोट घालून केलेल्या एका तपासणीत गुदाशयाच्या खालच्या भागातली गाठ हाताला लागते. त्याला हातमोजा आणि दोन मिनिटे पुरतात. पण ही तपासणी करून घ्यायला माणूस लाजतो आणि करायला डॉक्टरही टाळतो. मग मलम, चूर्ण, भिंतींवर आणि लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या मूळव्याध-भगंदरच्या पत्त्यांची फेरी. पुढची अडचण रस्त्याची. भिवंडीचे स्टेशन वसई-दिवा मार्गावर पडते, परळला जायचे तर आधी ठाणे किंवा कल्याण गाठावे लागते, म्हणजे अर्धा दिवस जातो आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. दुखणे फारच वाढले तर कामगार मुलुखाला निघून जातो. कंबरदुखी, कातडीवरची गाठ, अचानक आलेली फीट अशी तक्रार घेऊन जो शेवटी मोठ्या इस्पितळात पोचतो, त्याचा मूळ रोग उलट्या दिशेने शोधावा लागतो.

यावर पहिला आक्षेप जीवशास्त्राचा, आणि तो वजनदार आहे. स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासून दाखवले होते की रोग सगळीकडे सारखा रुजत नाही. त्याला मानवणारे अवयव ठरलेले असतात. आपल्याकडे गुदाशयाचे रुग्ण पाश्चात्त्य रुग्णांपेक्षा तरुण असतात आणि मुद्रिका-पेशींचा, म्हणजे सिग्नेट रिंग प्रकार जास्त आढळतो. हा प्रकार उदरपटलात, बीजकोशात, हाडांच्या मज्जेत लवकर शिरतो; महिनाभर आधी आलेला रुग्णही त्यात हरू शकतो. हे मान्यच केले पाहिजे. पण तरुण वयामुळेच ‘या वयात कसला कर्करोग’ असे म्हणून मूळव्याधीचे निदान आणखी घट्ट बसते, म्हणजे इथे जीवशास्त्र आणि दिरंगाई एकमेकांना हात देतात. दुसरा आक्षेप असा की गिरणीकामगार तरी कुठे वेळेवर येत होते? नव्हतेच येत. इस्पितळ दाराशी असणे म्हणजे निदान नव्हे. तरी कार्ड असलेल्या माणसाला डॉक्टरकडे जायला किमान एक कागदी कारण होते. आणि पेट स्कॅनमुळे हल्ली विचित्र जागा जास्त दिसतात, हा तिसरा आक्षेप मला फारसा डाचत नाही: स्कॅन त्याचाच निघतो जो इस्पितळापर्यंत पोचतो.

उरतो मोजणीचा मुद्दा. भारतातली लोकसंख्येवर आधारलेली पहिली कर्करोग-नोंदवही इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये मुंबईत सुरू केली. तिची हद्द बृहन्मुंबई. परळला उपचार घेणाऱ्या भिवंडीकराचा केसपेपर इस्पितळात राहतो, त्या नोंदवहीत तो शहराबाहेरचा. गुदाशयाचा कर्करोग आपल्याकडे कमी, असे म्हणताना आधाराला घेतलेल्या अनेक नोंदवह्या अशाच कुणाला ना कुणाला वगळून बनल्या आहेत. यंत्रमागाची वस्ती फिरती, तिची नोंद ठेवायची कशी, असे यावर विचारले जाते. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९८७ मध्ये ग्रामीण नोंदवही सुरू झाली तेव्हा कार्यकर्ते गावोगाव जाऊन लक्षणे सांगत होते, आणि काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका आधीच्या टप्प्यात येऊ लागल्या. गुदाशयाची लक्षणे सांगणे त्याहून अवघड नाही. फिरतो तो कामगार, माग जागचे हलत नाहीत. २००७ पासून भिवंडीची वीजवाटणी टोरंट पॉवरकडे आहे. ज्या गाळ्यांना कारखाना म्हणायचे कागदोपत्री टाळले गेले, त्यांच्याही दारावर मीटर आहे, ग्राहक क्रमांक आहे, आणि दरमहा कुणीतरी येऊन रीडिंग घेऊन जातो.