आईने ओळखलेला चाफा

आजचा एपिसोड एका झाडावर आहे, आणि त्याची सुरुवात आईपासून होते. मी न्यू जर्सीत भाड्याने राहतो. घरासमोर डोक्याएवढं एक झुडूप आहे. मार्चअखेर पान एकही नसतं आणि पांढऱ्या फुलांनी ते भरून जातं. व्हिडिओ कॉलवर आईला दाखवलं तर ती म्हणाली, "अरे, हा चाफाच की!" मी म्हटलं, आई, हे जपानी झाड, स्टार मॅग्नोलिया. नंतर शोधलं तर आई बरोबर निघाली. आपला सोनचाफा, जुन्या पुस्तकांतला मायकेलिया चंपाका, आता मॅग्नोलिया चंपाका आहे. एकाच प्रजातीगटातली भावंडं. (देवळापुढचा पांढरा चाफा मात्र यांच्यातला नाही, तो मूळचा अमेरिकेचा.)

हे झाड इथे आलं कसं? त्यात एक डॉक्टर आहे. जॉर्ज रॉजर्स हॉल, हार्वर्डमधून वैद्यकी शिकून 1846 मध्ये शांघायला गेला. तिथे दवाखाना चालवला, पण हळूहळू डॉक्टरकी सोडून व्यापारात शिरला. जपानची बंदरं उघडल्यावर योकोहामाला गेला आणि झाडं जमवू लागला. 1862 मध्ये परतताना त्याने ती काचेच्या पेट्यांतून आणली. वॉर्डियन केस म्हणतात त्यांना. आतली ओल आतच राहते, त्यामुळे समुद्रावरचे कितीतरी महिने रोप तग धरतं. न्यूयॉर्कजवळच्या फ्लशिंगमधल्या पार्सन्स नर्सरीने ती रोपं वाढवली, आणि बरीच वर्षं हे झाड हॉलच्याच नावाने, 'मॅग्नोलिया हॅलियाना' म्हणून विकलं गेलं.

गंमत बघा. हॉलने आणलेल्या झाडांत एक जपानी हनीसकलची वेलही होती. तिने पुढे पूर्व अमेरिकेतल्या जंगलांत एवढा धुमाकूळ घातला की आजही लोक ती उपटतायत. आणि ही स्टार मॅग्नोलिया? शांत. दहा-बारा फुटांवर थांबते, कुणाच्या वाटेला जात नाही.

तिचा एकच त्रास, घाई. थोडी ऊब लागली की ती फुलते, मग एका रात्रीच्या हिमाने सगळी फुलं तपकिरी, ओल्या टिश्यू पेपरसारखी. यंदा माझ्याकडे हेच झालं. रविवारी फोटो काढू म्हटलं आणि शनिवारी रात्री खेळ खल्लास. म्हणून जाणकार सांगतात, सकाळचं ऊन थेट पडेल अशा जागी ते लावू नका, गोठलेली कळी झपकन वितळली की जास्त खराब होते. मुळं वरवर असतात, बुंध्याजवळ कुदळ चालवू नका. छाटणी करायचीच तर फुलं गेल्यावर लगेच.

या घाईवर उपाय म्हणून 1955-56 मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्बोरेटममध्ये डी व्होस आणि कोसार यांनी तिचा उशिरा फुलणाऱ्या मॅग्नोलियाशी संकर केला. त्या आठ जातींना अ‍ॅन, बेटी, जेन, सुझन अशी नावं आहेत, आणि त्या 'लिटल गर्ल्स' म्हणून ओळखल्या जातात. आपल्याकडे सुद्धा कुणी चाफ्याला 'सुमन' वगैरे म्हणायला हरकत नव्हती.

पण मला खरं अडलं ते इथे. जपानमध्ये हे झाड कुठे आहे? इसे उपसागराभोवतीच्या आइची, गिफू आणि मिए या तीन प्रांतांत, टेकड्यांच्या पायथ्याशी पाणी झिरपतं तिथल्या दलदलीत. बस. तिथे तिला 'शिदेकोबुशी' म्हणतात. शिदे म्हणजे शिंतो देवळात टांगतात त्या कागदी झिरमिळ्या. फुलाकडे बघा, लगेच पटतं. जगभरच्या अंगणांत असलेलं हे झाड स्वतःच्या गावी धोक्यात आहे, कारण त्या दलदली भरून घरं आणि रस्ते झाले.

2005 च्या आइची वर्ल्ड एक्स्पोची मुख्य जागाही सेतोजवळच्या काइशो जंगलात ठरली होती. त्याच जंगलात शिदेकोबुशी आहे. लोक भांडले, पण योजना हलली ती 1999 मध्ये तिथे बहिरी ससाण्यासारख्या एका शिकारी पक्ष्याचं, गोशॉकचं, घरटं सापडल्यावर. एक्स्पोचा मोठा भाग शेजारच्या नागाकुतेला गेला. झाडाने नाही, पक्ष्याने जंगल वाचवलं.

आईला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग तुझ्या त्या झाडाचं बी धरतं का रे?" धरतं. सप्टेंबरात लाल बिया येतात. या वेळी काही कुंडीत लावून बघणार आहे.