मूत्राशयावरचे परके अस्तर

लघवीला जळजळ, सारखी घाई, ओटीपोटात कळ. आपल्याकडे याला ‘उन्हाळी लागली’ म्हणतात आणि धण्याचे पाणी देतात. बहुधा कारण जिवाणूंचा संसर्ग हेच असते. पण काही स्त्रियांच्या लघवीत जंतू सापडतच नाहीत, आणि त्रास मात्र पाळीच्या सुमारास पुन्हा पुन्हा होतो. यातल्या काहींच्या त्रासामागे एंडोमेट्रिओसिस हा विकार असतो. त्याचा शोध कसा लागला ते पाहू.

मूत्राशयात डोकावून पाहण्याची सोय तशी जुनी. माक्स नीत्से यांनी १८७९ साली व्हिएन्नात आपला सिस्टोस्कोप दाखवला. पण त्यातून दिसते ती मूत्राशयाची आतली बाजू. हा विकार सुरू होतो बाहेरून!

१९२१ साली अमेरिकेत ऑल्बनीचे शल्यविशारद जॉन सॅम्पसन यांनी बीजांडकोशातल्या, चॉकलेटसारखे घट्ट जुने रक्त भरलेल्या गाठींचे वर्णन केले. पाळीच्या दिवसांत शस्त्रक्रिया करताना बीजवाहिन्यांच्या टोकांतून रक्त पोटात उतरताना त्यांना दिसले. या रक्ताबरोबर गर्भाशयाच्या अस्तराचे कण जातात आणि भलत्याच जागी रुजतात, असा सिद्धांत त्यांनी १९२७ साली मांडला. मूत्राशयातली अशी गाठ जड या शल्यविशारदांनी १९२१ मध्येच नोंदवली होती.

गर्भाशय मूत्राशयावर रेललेले असते. दोहोंमधल्या खोलगट जागेत रुजलेले अस्तर दर महिन्याला संप्रेरकांच्या हुकमाने फुगते, रक्ताळते. पण ते रक्त बाहेर पडणार कोठून? दाह होतो, व्रण होतात, आणि हळूहळू ते मूत्राशयाच्या स्नायूत शिरते. हा स्नायू फुग्यासारखा ताणला गेला पाहिजे. तो दाहाने हुळहुळा आणि ताठर झाला, की थोड्याशा लघवीनेही भरल्याची सूचना मेंदूकडे जाते. लघवीतून रक्त मात्र थोड्याच जणींना जाते, कारण सहसा आतले आवरण शाबूत राहते. त्यामुळे तपासणीचा कागद ‘सर्व ठीक’ म्हणतो आणि बाईच्या दुखण्यावरच शंका घेतली जाते. हे आम्हाला फार खटकते.

सॅम्पसन यांचे निरीक्षण अचूक होते. बीजवाहिन्या मोकळ्या असलेल्या बहुतेक सर्व स्त्रियांच्या पोटात पाळीचे रक्त उतरते, असे १९८४ साली दिसून आले. मग हा विकार सुमारे दहांतल्या एकीलाच का? याहून मोठा धक्का १९७१ सालचा. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी इस्ट्रोजेन दिलेल्या एका पुरुषाच्या मूत्राशयात हेच अस्तर आढळले! तिथे पाळीचा संबंधच नव्हता. तेव्हा संप्रेरकांच्या प्रभावाने जागच्या पेशीच रूप पालटत असाव्यात, हा प्रतिस्पर्धी विचारही टाकून देता येत नाही.

उपचारात संप्रेरकांच्या गोळ्यांनी हे अस्तर निद्रिस्त ठेवतात, किंवा मूत्राशयाचा तेवढा भाग कापून शिवतात. निदानासाठी सोनोग्राफी आणि एमआरआय आहेतच. पण संशय यायला आधी त्रासाच्या तारखा पाळीच्या तारखांशेजारी लिहाव्या लागतात. दोन-तीन महिन्यांची अशी वही रुग्णाने बरोबर नेली, तर डॉक्टरांचे काम पुष्कळ सोपे होते.