भाकरीचा आरोप

नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती समाजाविषयी एक मत इतक्या सहज बोलले जाते की त्याला पुरावा मागायचे कुणाला सुचतही नाही. दुष्काळ पडला, मिशनने धान्य दिले, शाळा काढल्या आणि गरीब माणसे बाटली. आत्मिक समाधान वगैरे भाषा मागाहून चिकटवलेली. या मताच्या बाजूने जे आहे ते आधी मान्य करू. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला ठाणे केले. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर बाप्तिस्मा घेणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली आणि त्यांत महार-मांग कुटुंबे मोठ्या प्रमाणावर होती. अन्नदान आणि धर्मप्रचार एकाच हाताने चालत होते. हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल.

पण भाकरी मिळाली, म्हणून श्रद्धा खोटी, हा निष्कर्ष कुठून आला?

नारायण वामन टिळकांचे उदाहरण घ्या. चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे जाणकार, नागपुरात अप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने ग्रंथकार्य करणारे कवी. १८९३ मध्ये आगगाडीत भेटलेल्या एका परक्या सहप्रवाशाने नवा करार हाती ठेवला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बदल्यात काय मिळाले? आप्तांचा रोष, जातीचा बहिष्कार आणि पत्नी व लहानग्या मुलाचा काही वर्षांचा वियोग. हा व्यवहार असेल तर फार तोट्याचा व्यवहार! विरोधक म्हणतील, पुढे नगरला मिशनमध्ये त्यांना काम मिळालेच की. मिळाले. पण १९१७ मध्ये त्यांनी त्याच मिशनची सेवा सोडली, संन्यास घेतला आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. मिशन सुटले, ख्रिस्त सुटला नाही. भाकरीच्या सिद्धांताने ही घटना समजावून दाखवावी.

टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची साक्ष तर त्याहून अडचणीची आहे. नवऱ्याच्या धर्मांतराने जिचा संसार उधळला, ती बाई नगरला परतली ती आपले सोवळे सांभाळून. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. टिळकांनी बळजबरी केली नाही. पुढे राहुरीत असताना जात देवाने केली की माणसाने, या प्रश्नावर तिने स्वतःच विचार केला, सोवळे सोडले आणि मग १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. हा क्रम नीट पाहावा. आधी मन बदलले, विधी नंतर झाला. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणारी ही लेखिका स्वतःच्या फजितीवर मोकळेपणी हसते; तिच्यावर भाविक बनवाबनवीचा संशय घ्यायचा, तर मराठीतले कोणते आत्मचरित्र विश्वासार्ह उरेल?

येथे चतुर प्रतिवादी माघार घेतो: टिळक दांपत्य अपवाद, सामान्यांचे काय? या प्रश्नात एक अहंकार दडलेला आहे. ब्राह्मणाने धर्म बदलला तर तो चिंतनाने आणि महाराने बदलला तर पोटाने, हे कोणी ठरवले? ज्याला गावच्या देवळाची पायरी चढू देत नव्हते, त्याला ‘तू देवाचे लेकरू आहेस’ हे वाक्य भाकरीइतकेच हवे असणे शक्य नाही काय? भुकेल्या माणसाला आत्मा नसतो, असे कोणत्याच दर्शनाने म्हटलेले नाही.

आणि लोभाचीच कसोटी लावायची, तर ती पुरती लावू. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यांत आले. ख्रिस्ती दलित बाहेरच राहिला. म्हणजे त्याच्यासाठी ख्रिस्ती असण्याची किंमत कायद्यानेच ठरवलेली आहे. काही जण कागदावर वेगळा धर्म लिहितात, हे खरे. पण केवळ फायदाच हवा असता, तर कागदावर धर्म बदलून रविवारी प्रार्थनेला बसायचे कारण काय? जिथे फायदा बाहेर पडण्यात आहे तिथे पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहणाऱ्यांना लोभी म्हणणे, हा तर्कच उलटा आहे.

धान्याने काही माणसे आली असतील; धान्य संपल्यावर ती का थांबली, याचे उत्तर भाकरीच्या आरोपाजवळ नाही. आता पुराव्याचा भार आरोप करणाऱ्यावर आहे. वाचकहो, निवाडा तुमचा. तो देण्याआधी ‘स्मृतिचित्रे’तली राहुरीची पाने तेवढी वाचा.