सॉलिसिटरची उमेदवारी

लंडन शहरातील एखाद्या मोठ्या सॉलिसिटर-पेढीत शिकाऊ म्हणून प्रवेश मिळावा अशी ज्या तरुणाची आकांक्षा असेल, त्याला आज प्रत्यक्ष कामावर रुजू होण्याच्या बहुधा दोन वर्षे आधीच, म्हणजे विश्वविद्यालयातील शिक्षण अद्याप पुरे व्हावयाचे असतानाच, अर्ज करावा लागतो. त्या अर्जात ‘हाच व्यवसाय का’ आणि ‘हीच पेढी का’ अशा प्रश्नांना मोजक्या शब्दांत उत्तरे द्यावयाची असतात. त्यातून जो निभावला त्याची तर्कबुद्धी परीक्षापत्रिकेने तपासली जाते, सुटीतले एकदोन आठवडे त्याला पेढीत बसवून त्याचे वागणेबोलणे न्याहाळले जाते, आणि अखेरीस भागीदारांपुढे त्याची मुलाखत होते. या साऱ्या सोपस्काराचे स्वरूप इतके विधिपूर्वक आहे की विगमधल्या न्यायाधीशांइतकाच तोही प्राचीन असावा, असा पाहणाऱ्याचा समज व्हावा. परंतु दप्तर उलगडून पाहिले तर आढळते ते वेगळेच. सॉलिसिटरची उमेदवारी पुरातन आहे, पण तिच्यासाठी करावयाचा अर्ज अगदी अर्वाचीन आहे. कारण दीर्घकाळपर्यंत ही जागा कोणी मागत नसे, ती विकत घेतली जात असे, आणि विकत घेणारा उमेदवार नसून त्याचा बाप असे.

इंग्लंडात पक्षकाराच्या वतीने न्यायालयात कागद दाखल करणारा जो ॲटर्नी, म्हणजे आजच्या सॉलिसिटरचा पूर्वज, त्याच्यावर अंकुश असावा म्हणून 1402 सालीच कायदा झाला होता. न्यायाधीशांनी त्याची परीक्षा घ्यावी, तो सच्छील आणि लौकिकवान असल्याची खात्री करावी आणि मगच त्याचे नाव पटावर चढवावे, असा त्याचा आशय होता. पट राहिला, परीक्षा मात्र नाममात्र उरली, आणि पुढील तीन शतकांत ॲटर्नींची संख्या व अपकीर्ती ही दोन्ही समप्रमाणात वाढत गेली. तेव्हा पार्लमेंटने 1728 साली ॲटर्नी व सॉलिसिटर यांच्या नियमनाचा जो कायदा केला, त्याने या धंद्याचे दार एकाच वाटेने उघडे ठेवले: सनदशीर ॲटर्नीपाशी लेखी कराराने बांधून घेऊन पाच वर्षे कारकुनी करावी, आणि त्यानंतरच पटावर नाव लागावे. एका ॲटर्नीने एका वेळी दोहोंपेक्षा अधिक असे कारकून ठेवू नयेत, हेही त्याच कायद्याने ठरवले. बापाच्या पैशावर उमेदवारांचा कळप पोसणारे धनी त्या काळी असल्यावाचून असे कलम कायद्यात येत नाही, एवढे तर्काने म्हणता येते.

हा करारनामा म्हणजे ‘आर्टिकल्स’, आणि त्याने बद्ध झालेला तो ‘आर्टिकल्ड क्लार्क’. दस्तात पक्ष तीन असत: ॲटर्नी, मुलगा, आणि मुलगा बहुधा अज्ञान असल्यामुळे त्याचा पिता किंवा पालक. मुलगा लिहून देई की मी निष्ठेने सेवा करीन, धन्याची गुपिते फोडणार नाही, त्याचे कागद फाडणार वा गहाळ करणार नाही, त्याच्या पैशाचा अपहार करणार नाही आणि रजेवाचून कचेरी सोडणार नाही. बाप लिहून देई की मुलाच्या अन्नवस्त्राचा भार माझ्यावर, आणि त्याच्या हातून नुकसान झाल्यास भरपाईही मीच करीन. या दोघांच्या बदल्यात धनी एवढेच लिहून देई की मी याला माझी विद्या यथाशक्ति शिकवीन आणि मुदत भरल्यावर याचे नाव पटावर लागावे म्हणून खटपट करीन. करार खरोखर झाला आहे, मागाहून तारीख टाकून बनवलेला नाही, हे दाखवण्यासाठी 1749 च्या कायद्याने तीन महिन्यांच्या आत शपथपत्र दाखल करण्याची सक्ती केली. शपथपत्रे रचण्यात ज्यांचे आयुष्य जावयाचे, त्यांचा धंद्यातील प्रवेशही शपथपत्रानेच व्हावा, हे एका परीने शोभून दिसते.

दस्तावर मुद्रांक लावणे भागच होते. फ्रान्सशी युद्ध जुंपले आणि खजिन्याला पैसा हवा झाला, तेव्हा 1794 साली या करारनाम्यावर 100 पौंडांचे रसूम बसले. 1815 मध्ये ते 120 पौंड झाले. खालच्या थरातील लोकांनी या प्रतिष्ठित धंद्यात शिरू नये, ही इच्छाही त्या आकड्यामागे होती, आणि प्रतिष्ठित ॲटर्नींना हे रसूम जाचक न वाटता उपकारकच वाटत असे. रसुमाच्या वर पुन्हा धन्याचा नजराणा, ज्याला प्रीमियम म्हणत. बेंजामिन डिझरायली, जो पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झाला, त्याला 1821 साली ओल्ड ज्युरी भागातील एका सॉलिसिटर-पेढीत बांधून देताना त्याच्या वडिलांनी 400 गिनी मोजल्या होत्या. मुलाचे मन मात्र तेथे रमले नाही आणि तो लवकरच बाहेर पडला. डिकन्सच्या डेव्हिड कॉपरफील्डची मावशीआजी त्याला प्रॉक्टरच्या, म्हणजे धर्मन्यायालयांतील ॲटर्नीच्या, पेढीत घालते तेव्हा मुद्रांकासह 1000 पौंडांची गोष्ट निघते. स्वतः डिकन्सने 1827 साली ग्रेज इन येथील एका ॲटर्नीच्या कचेरीत लेखनिकाचे काम केले होते, परंतु पगारी, कराराने बांधलेले नव्हे. नजराणा भरून बसलेला, शिंप्याकडे उधारी करणारा आणि मेजवान्यांची निमंत्रणे मिळवणारा बाबू आणि आठवड्याच्या तीस शिलिंगांवर राबणारा पगारी कारकून, हे दोघे एकाच खोलीत बसत असूनही त्यांच्यामध्ये किती अंतर असते, हे त्याने जितक्या मिस्कीलपणे टिपले आहे, तितके कायद्याच्या कोणत्याही इतिहासकाराला टिपता आलेले नाही.

विद्या शिकवण्याचे कलम किती पाळले जाई, हा धन्याच्या सदसद्विवेकाचा प्रश्न होता. मुदत एवढीच पात्रता असल्यामुळे पाच वर्षे नुसत्या नकला उतरवलेला मुलगाही ॲटर्नी होऊन बाहेर पडू शके. ऑक्सफर्ड, केंब्रिज व डब्लिन येथील पदवीधरांना 1821 मध्ये पाचाऐवजी तीन वर्षांची सवलत मिळाली. 1825 साली लॉ सोसायटी स्थापन झाली, आणि 1836 पासून तिच्या दालनात खरीखुरी लेखी परीक्षा सुरू झाली. परीक्षेने मूर्ख गाळले जाऊ लागले, पण निर्धन मुळात परीक्षेपर्यंत पोचतच नव्हते.

ही पद्धती साम्राज्याबरोबर समुद्र ओलांडून मुंबईस आली. 1824 मध्ये येथे सुप्रीम कोर्ट बसले आणि 1862 मध्ये त्याच्या जागी हायकोर्ट आले, तरी त्याच्या मूळ शाखेत इंग्लंडचाच शिरस्ता चालू राहिला: ॲटर्नीने मुकदमा उभा करावा, कागद जमवावे, आणि तोंडाने मांडणी करण्यासाठी बॅरिस्टराला किंवा ॲडव्होकेटाला ब्रीफ द्यावे. फोर्टातील पेढ्या प्रथम इंग्रजांच्या होत्या, मग पारशी व गुजराती आल्या आणि त्यांच्या मागोमाग आपलेही लोक आले. तेथे उमेदवार प्रोथोनोटरीच्या कचेरीत दावे दाखल करण्यासाठी तिष्ठे, विरुद्ध पक्षाच्या दस्तऐवजांची पाहणी करून टिपणे काढी, आणि संध्याकाळी वरिष्ठांच्या मागे फायलींचा भारा घेऊन बॅरिस्टराच्या चेंबरच्या पायऱ्या चढे. उमेदवारी ही कल्पना आपल्याला नवी नव्हती: मामलेदार कचेरीत जागा रिकामी होण्याची वाट पाहत बिनपगारी राबणारा उमेदवार आपल्याकडे सर्वांच्या परिचयाचा होताच. 1894 साली स्थापन झालेल्या बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीने या शिक्षणाला शिस्त लावली. 1976 च्या दुरुस्ती कायद्याने ॲटर्नी हा स्वतंत्र वर्गच रद्द झाला, तरी सोसायटीची सॉलिसिटर परीक्षा आणि त्यापूर्वीची आर्टिकलशिप मुंबईत अद्याप चालू आहे. कायद्याने गरज उरली नसताना एखादी पद्धती केवळ तिच्या लौकिकावर जगते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

दक्षिण आफ्रिकेतही हाच करार गेला होता, आणि तेथील एका कचेरीत धन्याच्या खुर्चीवर आपल्या ओळखीचा माणूस होता. 1903 साली ट्रान्सव्हालच्या सुप्रीम कोर्टात ॲटर्नी म्हणून नाव लागल्यावर मोहनदास गांधी यांनी जोहान्सबर्गमध्ये रिसिक स्ट्रीटवर कचेरी थाटली. लुई रिच हा एका व्यापारी पेढीचा व्यवस्थापक आणि हेन्री पोलॉक हा एक पत्रकार; हे दोघेही आपापले बरे चाललेले काम सोडून त्यांचे आर्टिकल्ड क्लार्क झाले. त्यांच्या कचेरीतील सोंजा श्लेसिन या तरुण टंकलेखिकेनेही तसाच करार नोंदवून घ्यावा म्हणून 1909 मध्ये अर्ज केला, आणि ट्रान्सव्हालच्या लॉ सोसायटीने तो फेटाळला. बाईमाणसाला आर्टिकल्स देणे हे अभूतपूर्व, हे कारण. धनी राजी, उमेदवार लायक, पण दार बंद. लंडनमध्येही 1913 साली ग्विनेथ बेब आणि तिच्या सहकारिणींना हाच अनुभव आला, आणि न्यायालयानेही त्यांच्या विरुद्ध निकाल दिला. 1919 च्या कायद्याने तो अडसर काढला, तेव्हा 1922 च्या डिसेंबरात कॅरी मॉरिसन ही इंग्लंडमधील पहिली स्त्री-सॉलिसिटर झाली. जोहान्सबर्गमध्येच 1940 नंतरच्या दशकात नेल्सन मंडेला यांना वॉल्टर सिसुलूंच्या ओळखीने एका पेढीत आर्टिकल्स मिळाल्या, आणि धन्याने त्यांचा नजराणा माफ केला. नजराणा माफ करावा लागला, याचाच अर्थ तो तोवर जिवंत होता.

इंग्लंडात तो दुसऱ्या महायुद्धानंतर हळूहळू मेला. सरकारी शिष्यवृत्तीवर विश्वविद्यालयात गेलेला, कायद्याची पदवी घेतलेला, परंतु बापाच्या तिजोरीचा आधार नसलेला मुलगा आता मोठ्या संख्येने दारात उभा राहिला. आणि दुसरीकडे 1967 च्या कंपनी कायद्याने सॉलिसिटरांच्या पेढीत वीसच भागीदार असावेत ही मर्यादा उठली, तेव्हा पेढ्या पाहता पाहता फुगल्या. वर्षाला दोनतीन मुले घ्यावयाची असत तोवर ती भागीदारांच्या मित्रांच्या घरातून मिळत. शेकडो भागीदारांच्या पेढीला डझनांनी मुले हवीत, आणि तीही हुशार, म्हणून तिने स्वतःच विश्वविद्यालयांच्या दारी जाण्यास आरंभ केला. पैशाचा ओघ उलटा फिरला. पूर्वी धनी पैसे घेई, मग तो वेतन देऊ लागला, आणि पुढे निवडलेल्या उमेदवाराची परीक्षेची फी व शिकतानाचा खर्चही बड्या पेढ्या भरू लागल्या. एका जागेमागे अनेक इच्छुक, त्यांपैकी एकाचीही तोंडओळख नाही, आणि पैसा आता कोणाला गाळू शकत नाही. अशा पेचातून अर्जाचा तो लांबलचक नमुना जन्मास आला. जुना सौदा गेला हे चांगलेच झाले. तथापि सुटीत बिनपगारी अनुभव मिळवण्याइतकी सवड आणि भागीदारांसमोर सहज बोलण्याची सवय ही अजूनही काही विशिष्ट घरांत अधिक मिळते, आणि ती नव्या नमुन्यात कोणत्या रकान्यात भरावयाची, हे त्या घरांतील मुलांना कोणी न सांगता कळते.

1990 मध्ये ‘आर्टिकल्स’ हे जुने नाव जाऊन ‘ट्रेनिंग काँट्रॅक्ट’ आले आणि आर्टिकल्ड क्लार्क हा ट्रेनी सॉलिसिटर झाला. दोन वर्षांच्या मुदतीत बहुधा सहा सहा महिन्यांच्या चार बैठका. एका भागीदाराच्या खोलीत त्याच्याच टेबलाशेजारी बसावयाचे, त्याचे दूरध्वनीवरील बोलणे ऐकावयाचे, आणि मुदत भरली की खुर्ची उचलून दुसऱ्या खात्यात जावयाचे. 2021 च्या सप्टेंबरपासून हाही करार सक्तीचा राहिला नाही: एक मध्यवर्ती परीक्षा आणि दोन वर्षांचा कामाचा अनुभव, मग तो चार निरनिराळ्या ठिकाणी मिळवलेला असो किंवा इंग्लंडच्या बाहेर, एवढे पुरते. त्या अनुभवावर सही करणाऱ्या सॉलिसिटरला उमेदवार लायक आहे असे लिहून द्यावे लागत नाही. लायक होण्याची संधी त्याला मिळाली होती, एवढेच तो प्रमाणित करतो. बड्या पेढ्या मात्र आपल्या चार बैठका, दोन वर्षे आधीचा अर्ज आणि भागीदारांची मुलाखत सोडण्यास अद्याप राजी नाहीत.