घाटकोपरला उतरतोस तेव्हा

रात्री आठला गाळ्याचं शटर पडतं आणि शेठ सांगतो, उद्यापासून येऊ नको, माल नाही. उचल कापून हातात सातशे रुपये. चार वर्षांतला हा तुझा सहावा गाळा. पॅकिंग, पॉवर प्रेस, मोल्डिंग, पुन्हा पॅकिंग. साकीनाक्याच्या सिग्नलला टेम्पो, रिक्षा, बस एकमेकांच्या पोटात शिरल्यात. कुठं जायचं ठाऊक नाही, इथं थांबायचं नाही एवढंच पक्कं. तू मेट्रोचा जिना चढतोस.

दाराशेजारी टेकून डोळे मिटतोस. असल्फा. डोंगरावरच्या खोल्यांचे दिवे एकेक करून विझतात. जागृती नगर. 2014 मध्ये धावू लागलेली ही गाडी रुळांसकट विरघळत जाते. घाटकोपरला उतरतोस तो थेट चिखलात. पन्नासचं दशक आहे, समोर चिरागनगर.

बोळातून अंग चोरत जातोस. एका झोपडीत मिणमिणत्या उजेडात एक माणूस लिहितोय. अण्णा भाऊ साठे. शाळेत दीड दिवस टिकलेला. आई-बापाबरोबर वाटेगावहून मुंबईपर्यंत तीनशेहून अधिक किलोमीटर पायी आला, तेव्हा जेमतेम अकराचा होता. मग हमाली, घरगडी, गिरणीत झाडूवाला. काम सुटल्यावर गाव, तिथून तमाशाचा फड, फिरून मुंबई. आपल्या सहा गाळ्यांची कहाणी तू मुकाट गिळतोस.

(हा माणूस 1961 मध्ये रशिया बघून येईल आणि परत याच बोळात शिरेल. लोकांना ते करुण वाटतं. मला वाटतं, त्याची माणसं इथंच होती.)

तू त्याच्या खांद्यावरून कागदात डोकावतोस. 'स्मशानातील सोनं'. वारणेच्या खोऱ्यातला दांडगा भीमा, शहरात काम मिळेना म्हणून उपनगरात आलेला. डोंगरातल्या दगडखाणीनं त्याला हात दिला. पुढे खाणच बंद पडली. आता कागदावर अंधार आहे, कोल्ह्यांची गुरगुर आहे, ताजी माती उपसणारा भीमा आहे. मेलेल्याच्या तोंडात सोनं असतं, जिवंताच्या तोंडात घास नसतो, असा त्याचा साधा हिशेब. प्रेताच्या जबड्यात त्याची बोटं अडकतात. पुढं वाचवत नाही, तरी वाचतोस. डॉक्टर बोटं कापून टाकतो. आणि त्याच दिवशी बातमी येते, खाण पुन्हा सुरू होतेय. डोंगर फोडणारी ती बोटं आता नाहीत. भीमा लहान पोरासारखा रडतो.

लिहिणारा मान वर करत नाही. त्याला वात सरायच्या आत ओळ पुरी करायची असावी.

खिशात फोन थरथरतो. तू साकीनाक्याच्या जिन्यावर उभा आहेस, खाली तोच सिग्नल, तोच धूर. शेठ म्हणतो, "अरे, माल आला. सकाळी आठला ये. प्रेसवर."

तू फोन दुसऱ्या हातात घेतोस आणि उजव्या हाताची बोटं एकदा उघडून, मिटून बघतोस.